यजमान : मानव

अक्का, तू डेंग्यूनं गेलीस असंच सगळ्यांना वाटलं. वाटलं म्हणजे काय, त्यांना तसंच हवं होतं. शनिवारी सकाळी तुझ्या दारात चपलांचा ढीग पडला होता आणि आत शिरणारा प्रत्येक जण रघूला आधी तेच विचारत होता. "डेंग्यू का रे?" तुझ्या चुलत जावेनं विचारलं, कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलवाल्या अण्णानं विचारलं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूनं जिन्यातूनच ओरडून विचारलं. रघू, तुझा भाचा, बिचारा "नाही हो, हार्ट. चहा ठेवता ठेवता खाली बसली, उठलीच नाही" असं सांगून दमला. ऐकणाऱ्यांचे चेहरे किंचित पडत होते. एकतीस वर्षं डासांना स्वतःचं रक्त पाजलेली बाई साध्या हार्टनं कशी जाते?

मलाही तो मोह झाला. बंगळूरच्या दुसऱ्या टोकाहून, महादेवपुऱ्याहून निघाले तेव्हा ऑटोतच एक वाक्य सुचलं होतं: डासांना पोसणारीला डासानंच नेलं. तुझ्या दारात येऊन खरं कारण कळलं आणि मी क्षणभर हळहळले. तुझ्यासाठी नाही, वाक्य वाया गेलं म्हणून. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेले ते मेले, पण तुझ्या पत्रकाला शोभेल असं मेले नाही, होय गं?"

तू काय करायचीस हे आपल्या गल्लीला धड कधी कळलंच नाही. राजाजीनगरात आपल्या घरांची भिंत एक होती. मी दहा वर्षांची असेन, तेव्हा तुझ्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत लाल ठिपके असायचे आणि आई मला बजावायची, "अक्कांच्या हाताला काहीतरी झालंय, जरा लांब राहा." पण मी बाबांची मुलगी. कारखान्याच्या युनियनची पत्रकं आमच्या स्वयंपाकघरात रचलेली असत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या घड्या घालता घालता. आमच्या घरात प्रश्न तोंडावर विचारायची शिस्त होती. मी सरळ तुझ्या दारात येऊन विचारलं, "अक्का, तुला काय झालंय?"

"काही नाही गं. पोरींना जेवू घालून आले."

"कुठल्या पोरी?"

"माझ्या. दोनशे आहेत. रविवारी सुट्टी असली तरी जावं लागतं, उपाशी राहतात."

मी घरी जाऊन सांगितलं की अक्कांना दोनशे मुली आहेत. आईनं कपाळावर हात मारला. बाबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "तिच्या कामाला काहीतरी नाव असेल, ते विचारून ये." त्या कामाला नावच नव्हतं, हे मला समजायला पुढची पंधरा वर्षं लागली.

पोरी म्हणजे प्रयोगशाळेतले डास हे कळलं, त्यानंतर तुझ्या घरी मला दुसरा धक्का बसला तो संपाचा. तू म्हणालीस, "ह्या पोरींच्या पणजीची पणजी आपल्या संपातनं आली." बंगळूरच्या मराठीत संप म्हणजे पाण्याची जमिनीखालची टाकी, हे मला ठाऊक होतं, पण आमच्या घरात त्या शब्दाचा दुसराच अर्थ दिवसातनं दहादा घुमायचा. बाबांच्या संपात डास झाले असं समजून मी किती दिवस अभिमानानं फिरत होते! तुला हे सांगितलं तेव्हा तू पोट धरून हसलीस. "बरोबर आहे की. तुझ्या बाबांच्या संपातनं तेवढंच निघालं."

कॉलेजात असताना तू मला प्रयोगशाळेत नेलंस. तिथला तुझा थाट मी विसरणार नाही. घड्याळ काढलंस, बांगड्या काढून पदराला बांधल्यास, साबण न लावता नुसत्या पाण्यानं हात धुतलास, कारण वासानं पोरी बिथरतात. जाळीच्या पिंजऱ्याला कापडाची बाही शिवलेली होती. तीत कोपरापर्यंत हात घातलास आणि दुसऱ्या हातानं मला स्टूल दाखवलंस. "बस. दहा मिनिटं लागतात." पांढऱ्या ठिपक्यांच्या पायांची ती काळी पाखरं तुझ्या हातावर उतरली आणि तू पापणीही न हलवता बोलत राहिलीस, जशी एखादी बाई भाजी निवडता निवडता बोलते. त्यांची पोटं फुगून डाळिंबाच्या दाण्यासारखी झाली. मग तू हात काढलास, मोजून दोन डास बाहीवरून परत आत झटकलेस आणि म्हणालीस, "झालं जेवण. आता अंडी."

अंड्यांचंच मला खरं अप्रूप होतं. वाडग्यात पाणी, कडेनं जाड पांढरा कागद लावलेला. कागदाच्या ओल्या कडेवर पोरी अंडी घालायच्या, काजळाची टोकं टेकवल्यासारखी. तो कागद वाळवून पट्टी करून ठेवली की अंडी महिनोन् महिने तशीच राहतात आणि पाणी दिसलं की जागी होतात. प्रत्येक पट्टीवर तू पेन्सिलनं चार गोष्टी लिहायचीस: वाण, पिढी, तारीख, होस्ट. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, शाळेत शिकवल्यासारख्या. मी पेन पुढे केलं तर माझ्या हातावर चापट मारलीस. "शाई पाण्यात फुटते. पेन्सिल राहते."

वाणाच्या जागी तू लिहायचीस राजाजीनगर. होस्टच्या जागी, म्हणजे या डासांना रक्त कुणाचं पाजलं त्या जागी, लिहायचीस ह्यूमन. हजारो पट्ट्यांवर ह्यूमन, ह्यूमन, ह्यूमन. बाजूच्या खोलीत सशाच्या रक्तावरचे डास होते, त्यांच्या पट्टीवर सशाचा नंबर असायचा. सशाला नंबर होता, अक्का. तुला तोही नव्हता.

मी होस्टचं मराठी केलं: यजमान. "यजमान : मानव." तू आधी समजलीच नाहीस, आणि मग जे हसलीस! "अगं, माझे यजमान तर जाऊन बारा वर्षं झाली. आता दोनशे पोरींची मीच यजमान." कन्नडमध्ये आणि आपल्याकडेही तो शब्द नवऱ्याचाच. नंतर कितीतरी दिवस तू मला दारातून हाक मारायचीस, "ये गं, यजमान घरात आहेत."

आणि त्याच पिंजऱ्यात हात असताना तू मला पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, गोष्टी सांगितल्यास. त्या तुला तुझ्या जुन्या सरांनी जेवणाच्या सुट्टीत सांगितल्या होत्या. हा रोग आपल्या देशात नाही. डास आहे, माकड आहे, माणूस आहे. फक्त विषाणू अजून आलेला नाही. आला तर आपला डास तो किती वाहील, हे आधीच ठाऊक असावं म्हणून तुझ्या पोरींची अंडी पाकिटात घालून दूरच्या प्रयोगशाळेत जायची. म्हणजे तुझी नोकरीच पीतज्वराच्या भीतीवर उभी होती. त्यामुळे त्याच्या इतिहासातली माणसं तुला नातेवाइकांसारखी वाटायची.

क्यूबातला तो डॉक्टर, जो वीस वर्षं सांगत होता की ताप डासामुळे पसरतो, आणि शहाणी माणसं त्याला डासवाला म्हातारा म्हणून हसायची. अखेर अमेरिकन लष्कराचे डॉक्टर हवानात येऊन सगळे उपाय करून थकले आणि त्याच्या दारात गेले, तेव्हा त्यानं मनात काही न ठेवता त्यांच्या हातात डासाची अंडी दिली. "साबणाच्या बशीत," तू सांगायचीस. ती बशी तुला फार आवडायची. "माझ्यासारखाच तो. अंडी सांभाळणारा."

"आणि नाव कुणाचं झालं?" मी विचारायची.

"स्वल्प थांब. गोष्ट तर ऐक."

मग त्या लष्करी डॉक्टरांपैकी दोघं. एकानं मुद्दाम डास चाववून घेतला, मरता मरता वाचला. दुसरा मेला, त्यानं आपण होऊन हात पुढे केला की चुकून चावला, हे आजवर कुणी नक्की सांगू शकलेलं नाही. पथकाचा प्रमुख तेव्हा तिथे नव्हताच आणि पुढे जगभर नाव झालं ते त्याचं. मग पंचवीस वर्षांची ती नर्स. एकदा आपल्याला ताप येऊन गेला की पुढे रोग्यांची सेवा निर्धास्त करता येईल, असं म्हणून तिनं डासापुढे हात धरला, आणि गेली. मग ते तरुण, जे मेलेल्या रोग्यांच्या मळलेल्या चादरींवर वीस रात्री झोपले, कारण रोग कपड्यांतून पसरत नाही हे कुणालातरी झोपून दाखवायचं होतं. मग नुकते बोटीतून उतरलेले स्पॅनिश मजूर, ज्यांनी सोन्याच्या नाण्यांसाठी कागदावर सही केली आणि दंड उघडला.

आणि शेवटी तुझा तो आफ्रिकेतला माणूस. आजच्या घानातल्या एका गावचा, विशी ओलांडलेला, ताप अंगात असलेला. त्याचं रक्त काढून माकडाला टोचलं. तिकडच्या माकडांना हा ताप मारत नव्हता, म्हणून माकड आणलेलं होतं ते आपल्याकडचं. माणूस बरा झाला, माकड मेलं. त्या रक्तातला विषाणू उंदराच्या आणि अंड्यातल्या पिलाच्या पेशींत वाढवत वाढवत इतका मवाळ केला की त्याची लस झाली. लस करणाऱ्याला जगातलं सर्वांत मोठं पारितोषिक मिळालं. आजही जगात कुठेही ही लस टोचली जाते तेव्हा दंडात जातं ते त्या एका माणसाच्या रक्तातून निघालेलं घराणं.

"त्याचं नाव आहे बरं का," तू मला खिजवत म्हणालीस. "त्या विषाणूच्या वाणाला त्याचंच नाव दिलंय."

"बाटलीवरचं लेबल म्हणजे नाव नव्हे, अक्का. तो कोण, त्याला बायको होती का, म्हातारा झाला का, त्याच्या रक्तानं काय केलं हे त्याला कुणी सांगितलं का?"

"लेबल तरी आहे. माकडाला तेही नाही. आपलं माकड, तिकडे जाऊन मेलं."

त्या माकडाचा तुला इतका लळा होता की मला कधीकधी राग यायचा. आता वाटतं, तू माकडाबद्दल बोलत नव्हतीस.

मागच्या वर्षी बेळ्ळंदूरच्या माझ्या ऑफिसातला एक जण कामासाठी आफ्रिकेला निघाला. पीतज्वराची लस घेऊन आला आणि तिचं पिवळं कार्ड सगळ्यांना दाखवत म्हणाला, "यार, एका इंजेक्शनसाठी एवढी लाइन! कुणाचा दिवस वाया घालवतात हे लोक?" मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या दंडावरचा तो छोटा कापूस. मला त्याला क्यूबा, नर्स, चादरी, घाना, माकड आणि राजाजीनगर सगळं एका दमात ऐकवायचं होतं. मी ऑफिसात मशीनच्या सूचना लिहिते, माणसांना ऐकवायचे पैसे मला कुणी देत नाही. त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला घेतलं: हात कुणाचा?

तुझ्या संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन ठरलं होतं. फाटकावर वाटायचं, कन्नड आणि मराठी दोन्हींत. वर क्यूबा ते घाना, ज्यांनी दंड उघडला त्या सगळ्यांची यादी, आणि खाली तू, नावानिशी. बाबांचा एक नियम मी लहानपणापासून पाळत आले आहे: ज्या पत्रकात नाव नाही ती अफवा.

कच्चा खर्डा घेऊन मी तुझ्याकडे आले. तू पाटावर बसून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, साली काढत होतीस. चिमटीत दाबून दाणा भांड्यात, साल ताटात. मी वाचून दाखवलं. तू दाबत राहिलीस. मग म्हणालीस, "बाकी सरी, ठीक आहे. माझं नाव काढ."

"का? घाबरतेस?"

"होय, घाबरते."

"संस्थेच्या नव्या साहेबाला?"

"तुझ्या पत्रकाला." दाणा भांड्यात टपकला. "अगं, पिंजऱ्यात माणसाचा हात घालायचा नाही असं वरून कधीचंच सांगितलंय. आता मशीन आलंय, खाटकाकडचं रक्त गरम करून देतं. पण पोरी त्याच्यावर नीट अंडी घालत नाहीत, म्हणून मला बोलावतात. वय झालं म्हणून घरी बसवलं त्याला तीन वर्षं झाली तरी बोलावतात. सगळ्यांना माहीत आहे. कुणी लिहीत नाही तोवर चालतं. लिहिलंस की बंद."

"बंद झालं तर चांगलंच! कायम नोकरी नाही, विमा नाही, कागदावर नाव नाही, आणि रक्त मात्र तुझं. हे शोषण आहे, अक्का. डासासारखी संस्था आहे ही."

तेव्हा तू पहिल्यांदा हात थांबवलास. "डासाला मध्ये आणू नको. डास मला न विचारता चावला नाही. पिंजऱ्यात हात मी घातला."

"पण तुला नाव नको? त्या नर्सला आहे, त्या सैनिकांना आहे."

"ते मेले. मी डबा खाऊन घरी येते."

"हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही."

"रक्त माझं," तू म्हणालीस. "तू कोण?"

मी तत्त्व काढलं. मी म्हणाले, तुझी भीती हीच त्यांची ताकद आहे. म्हणाले, उद्या तुझ्यासारख्या दुसऱ्या बाईला याच पत्रकामुळे न्याय मिळेल. काय काय म्हणाले! तू ताट उचललंस आणि सालींसकट आत गेलीस. मला वाटलं, तू मान्य केलंस. खोटं. मला काहीच वाटलं नाही. मला छापायचं होतं.

छापलं. तुझं नाव अकरा ठिकाणी. उद्घाटनाच्या दिवशी फाटकावर वाटलं. कुणीतरी आत जाऊन सभेत प्रश्न विचारला आणि नव्या साहेबांनी माइकवरून सांगितलं की आमच्या संस्थेत असा प्रकार होत नाही. आठवड्यात तुझा गेटपास काढून घेतला. तुला केबिनमध्येही बोलावलं नाही त्यांनी, व्हरांड्यात उभं राहून सांगितलं, "अक्का, नाळेयिंद बरबेडि." उद्यापासून येऊ नका. एकतीस वर्षं आणि तीन शब्द. चौकशी झाली नाही, विमा मिळाला नाही, दुसऱ्या कुठल्या बाईला न्यायही मिळाला नाही. मिळालं ते एक परिपत्रक, ज्यात तुझा उल्लेख नव्हता.

आणि पोरी मेल्या. मशीनचं रक्त त्यांना धार्जिणं नव्हतंच, त्यात जोडून आलेल्या सुट्ट्या. सोमवारी कुणीतरी पिंजरा उघडला तेव्हा तळाशी काळा भुगा होता. साठवलेल्या पट्ट्या आवराआवरीत गेल्या. राजाजीनगर वाण संपला. हे मला तू सांगितलं नाहीस, रघूनं सांगितलं. मी धावत तुझ्याकडे आले. तू दार उघडलंस, "ये" म्हणालीस, चहा दिलास, बिस्किटं दिलीस, आणि भिंतीकडे बघत बसलीस. शिव्या दिल्या असत्यास तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तू मला बशीसुद्धा आपटून दिली नाहीस. यजमान घरात आहेत, असंही कुणी म्हणालं नाही.

मी माफी मागितली नाही. आज मान खाली घालून सांगते, मला तेव्हा वाटत होतं की मी बरोबर आहे. अजूनही निम्मं वाटतं. तुला वापरून घेणारे दोषीच होते, आहेत, आणि तुझ्या मरणानं त्यांची सुटका होत नाही. पण ज्या डॉक्टरांवर मी तुझ्या घरात बसून चिडायची, जे दुसऱ्याच्या दंडातून आपलं सत्य सिद्ध करून घेत होते, त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक? त्यांनी निदान त्या मजुरांची कागदावर सही घेतली होती. मी तुझ्या नकारावर छापलं.

आठ महिने गेले. मी राजाजीनगरला यायचं टाळलं. महादेवपुऱ्याहून दोन तास लागतात हे कारण तयारच होतं. मग गेल्या गुरुवारी ऑफिसच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत माझं पत्रक होतं आणि त्यावर तुझी पेन्सिल.

अक्का, तू मला काय तपासलंस! नर-मादीची चूक आधी. डास हा शब्द पुल्लिंगी आणि चावणाऱ्या सगळ्या बायका. मी "चावणारा डास" लिहिलं तिथे तिथे तू "चावणारी" केलंस, व्याकरण मोडलं तरी बेहत्तर. "रक्तासाठी तहानलेले" खोडून "अंड्यांसाठी" लिहिलंस. अकराच्या अकरा ठिकाणी तुझं नाव काटलंस, फूटपट्टी लावून, सरळ रेघेनं. मी तुला "या व्यवस्थेचा बळी" म्हटलं होतं, त्यातला बळी काटून वर लिहिलंस, यजमान. आणि दंड उघडणाऱ्यांच्या यादीत, नर्स आणि घानाच्या माणसानंतर शेवटी मी तुला बसवलं होतं, तिथे समासात दोन ओळी. "माकड राहिलं." आणि खाली, "मी जिवंत आहे."

मी ऑफिसात मोठ्यानं हसले. शेजारच्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझी अक्का बोलायला लागली. तेव्हाच उठायला हवं होतं. मी ठरवलं, रविवारी सावकाश जाईन, माकड घालून नवा खर्डा घेऊन जाईन. मला रिकाम्या हातानं यायचं नव्हतं. पुन्हा मी कागदाचाच विचार केला. शनिवारी सकाळी रघूचा फोन आला.

दुपारी संस्थेतून कुणीतरी व्हॉट्सअॅपवर शोकसंदेश पाठवला. समर्पित सहकारी, अपरिमित हानी, वगैरे. त्यात तुझं नाव चुकलेलं होतं. मी तिथल्या तिथे उत्तर टाइप करायला लागले, तर रघूनं फोनवर हात ठेवला. "अक्का म्हणायची, हिला कुणी चूक दाखवली तर राग येतो, आणि दुसऱ्याची दिसली तर आनंद होतो." मी फोन ठेवला. तू मेल्यावरही मला टोमणा मारायची सोय करून गेली होतीस.

रविवारी मी ते पत्रक पुन्हा काढलं. गुरुवारी शेवटचं पान मी उलटलंच नव्हतं. तिथे, आतल्या बाजूला, कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. पिवळट, लाटा पडलेली, कडेला काळे ठिपके. शेजारी तुझ्या अक्षरात: "निघताना एक आणली. उकळून घेतली आहे, घाबरू नको." मी भिंग लावून पाहिलं, तू शिकवल्याप्रमाणे. जिवंत अंडं टपोरं असतं, मेलेलं चेपतं. सगळी चेपलेली. म्हणजे त्या शेवटच्या दिवशी तू एक पट्टी पदरात लपवून घरी आणलीस, आणि गल्लीत एकही डास आपल्यामुळे वाढू नये म्हणून स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळून आपल्या हातानं ती त्यात टाकलीस. तुझ्या पोरींची शेवटची पिढी. हे तू एकटीनं केलंस, भिंतीपलीकडे आमचं जुनं घर, आणि त्यात मी नव्हते.

पट्टीवर नेहमीच्या चार गोष्टी होत्या. वाण, राजाजीनगर. पिढी. तारीख. तिन्ही तुझ्या त्या शाळकरी इंग्रजी कॅपिटलमध्ये. चौथी मात्र मराठीत. एकतीस वर्षं जिथे ह्यूमन लिहिलंस, तिथे पहिल्यांदा तू तुझं नाव लिहिलं होतंस. नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. नुसतं तुझं, आईबापांनी ठेवलेलं, जे गल्लीत कुणीच कधी उच्चारलं नाही, कारण सगळ्यांना अक्का पुरत होती.

तुला नाव नको होतं असं नाही, एवढं मला आता कळतंय. तुला ते तुझ्या रकान्यात हवं होतं आणि मी ते माझ्या रकान्यात भरलं.

पत्रकाची दुसरी आवृत्ती मी काढते आहे. माकड घातलं आहे. चावणारी केली आहे. बळी काढला आहे. संस्थेवरचं एक अक्षरही काढलेलं नाही, त्यावर आपलं भांडण चालूच राहू दे. तुझं नाव त्यात नाही, आणि या लेखातही नाही. वाचणाऱ्यांनी शोधलं तरी सापडणार नाही. बाबांच्या नियमानं ही अफवा ठरते. ठरू दे. खाली माझं नाव आहे, शिव्या मला पडतील. तुझं माझ्याजवळ आहे, तुझ्या अक्षरात, पेन्सिलनं. उकळत्या पाण्यातून निघालं आहे आणि फुटलेलं नाही.